धडधाकट गुडघा

"मी येईन," आईने फोनवर सांगितलं, "पण आधी डॉक्टर शोधा. नीट ऐकून घेणारा. नाहीतर मी इथेच बरी!"

वडील गेल्यापासून आई गावातल्या घरात एकटी होती. शहरात आपल्याकडे राहायला ये म्हणून तिचा मुलगा, म्हणजे मास्तर, तीन वर्षं तिची मनधरणी करत होते, आणि तिच्याशी फोनवर बोलणं झालं की त्यांना दोन घास कमी जात. आता ती कधी नव्हे ती कबूल झाली होती, आणि घोडं अडलं होतं डॉक्टरपाशी. तसे शहरात डॉक्टर पैशाला पासरी होते. डोळ्याचे, कानाचे, मणक्याचे, एक तर नुसता घोट्याचा. सगळ्या माणसाचा मिळून एक डॉक्टर मात्र कुठे दिसत नव्हता.

"दिसत नाही म्हणजे काय? तपासायला हवेत," मास्तरांची बायको म्हणाली.

ती छत्र्यांच्या कारखान्यात तपासनीस होती. नवा कारागीर कामावर आला की ती एक धडधाकट छत्री मुद्दाम दुरुस्तीला पाठवायची. जो तिच्यात दोष काढून काड्या बदलायला बसेल, तो कामाचा नाही. जो उघडून, मिटून, "हिला काही झालेलं नाही" म्हणून परत करेल, तो पक्का. बावीस वर्षांत ही परीक्षा एकदाही चुकली नव्हती.

"आता डॉक्टरांकडे धडधाकट माणूस पाठवायचा," असं म्हणून तिने नवऱ्याकडे पाहिलं. छत्री निवडताना ती असंच पाहत असे.

"अगं, पण मला खोटं बोलता येत नाही."

"बोलायचं कशाला? लंगडायचं. गुडघा दुखतो म्हणायचं."

आईसाठी मास्तर लंगडायला तयार झाले. त्यांनी दिवाणखान्यात सराव केला. तिसऱ्या फेरीला शेजारच्या काकूंनी दारातूनच "कधी पडलात हो?" असं विचारलं, आणि मास्तरांना उगाचच अभिमान वाटला.

पहिल्या डॉक्टरांचा दवाखाना काचेच्या इमारतीत होता. त्यांनी गुडघ्याला हात न लावता अकरा तपासण्या लिहून दिल्या. दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी समोरच्या पडद्यावरून नजर काढली नाही. मास्तर लंगडत आत गेले, लंगडत बाहेर आले, सगळी मेहनत वाया. तिसऱ्याने दोन्ही गुडघ्यांना पट्टे दिले. "एकच दुखतोय," मास्तर म्हणाले. "दुसरा दुखणार आहे," डॉक्टर म्हणाले. मास्तरांना आपल्या निरोगी गुडघ्यांची दया आली.

चौथा दवाखाना किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावर, लाकडी जिन्याने वर गेलं की होता. डॉक्टर पासष्टीचे, पांढऱ्याशुभ्र केसांचे, कपाळावर कायमची आठी. त्यांनी गुडघा दाबला, वाकवला, सरळ केला आणि म्हणाले, "तुम्हाला काही झालेलं नाही."

मास्तरांना त्यांना मिठी मारावीशी वाटली. सापडला! आई येणार! ते हर्षभराने उठले, लंगडायचं आठवलं म्हणून लंगडले, आणि दाराकडे निघाले.

"थांबा," डॉक्टर म्हणाले. "आत आलात तेव्हा उजवा पाय लंगडत होता. आता डावा. काय काम करता तुम्ही?"

"शाळेत भूगोल शिकवतो," मास्तर कसेबसे म्हणाले.

"मुलांचं कठीण आहे. बाहेर खरी माणसं खोळंबलीत, आणि तुम्ही इथे नाटकं करता? पुन्हा येऊ नका."

मास्तर शरमेने असे पळाले की जिन्याच्या शेवटच्या दोन पायऱ्या त्यांच्या पायाखाली आल्याच नाहीत. डावा गुडघा पिरगळला आणि ते किंचाळले. वरून डॉक्टर डोकावले, त्यांनी घटकाभर पाहिलं.

"आता जरा जमायला लागलंय," ते म्हणाले आणि आत गेले.

मास्तर एका पायावर उड्या मारत रिक्षापर्यंत पोचले. घरी बायकोने दार उघडून डोक्याला हात लावला. "अहो, घरात कशाला लंगडताय आता? परीक्षा संपली ना?" मग तिला सुजून भोपळा झालेला गुडघा दिसला. "अगं बाई! छत्री खरंच मोडली की!"

संध्याकाळी आईचा फोन आला. मास्तर नुसतं "हॅलो" म्हणाले.

"काय लागलंय तुला?" आईने विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एक पिशवी घेऊन दारात हजर झाली.

"आई, तुमची अट?" सून म्हणाली.

"अट गेली खड्ड्यात. कुठला गुडघा? आणि कुठल्या डॉक्टरने पाहिला?"

सुनेने सगळं कबूल केलं. आईने शांतपणे ऐकून घेतलं.

"त्याच चौथ्याकडे चला. शाळा बुडवायची ह्याची पोटदुखी ओळखायला मला दोन वर्षं लागली होती. त्याने दोन मिनिटांत ओळखलं!"

दोघींच्या खांद्यांवर लोंबकळत मास्तर जिना चढले. डॉक्टरांची आठी खोल गेली. "आज कुठला पाय?"

"डावा, आणि खरा," आई म्हणाली. "कालचं दुखणं सुनेच्या डोक्यातलं. मला धड डॉक्टर मिळावा म्हणून तिने हा खटाटोप केला. रागवायचं तर माझ्यावर रागवा."

डॉक्टरांनी गुडघा दाबला. मास्तरांच्या किंकाळीने खाली किल्ली घासायचा आवाज थांबला.

"हं. हा आवाज खरा." त्यांनी पट्टी बांधली, आठ दिवस घरात बसायला सांगितलं आणि आईकडे वळले. "आणि तुमची काय तक्रार, आजी?"

"आजी कोणाला म्हणता? आधी स्वतःचे केस बघा." मग आईचा आवाज जरा खाली आला. "मला काही होत नाही हो. हे गेल्यापासून दर मंगळवारी मी गावच्या डॉक्टरांकडे जायचे. कधी पाठ, कधी चक्कर. सगळं खोटं. ते सगळं ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, 'तुम्हाला काही झालेलं नाही. पुढच्या मंगळवारी या.'"

मास्तरांनी आईकडे पाहिलं. तीन वर्षं ते तिला तब्येत विचारत होते. त्यांनी बाहीने डोळे पुसले, आणि या वेळी गुडघ्याचा काही संबंध नव्हता.

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. परत लावला. समोरची वही उगाचच चाळली.

"मंगळवारी सहाला माझा शेवटचा पेशंट जातो," ते म्हणाले. "सव्वासहाला या. खोटं दुखणं खऱ्यांच्या आधी मी पाहत नाही."

जिना उतरताना आई खुशीत होती. "माणूस बरा आहे. पण मंगळवारी काय दुखतंय म्हणून सांगू?"

"काहीही सांगा आई," सून नवऱ्याला सावरत म्हणाली, "फक्त गुडघा नको. तो आपल्याकडून वापरून झालाय."