मोहियोद्दीनचाचांची गाडी सुधारली

गाडी दुरुस्त झाल्याचं दुःख कधी कुणाला झालेलं ऐकलंय? कळमनुरीच्या मोहियोद्दीनचाचांना झालं.

गाडीही साधीसुधी नव्हे. आजोबांनी एका जागीरदाराकडून घेतलेली, काळी, लांबलचक, विलायती. आत शिसवी लाकूड, मागच्या खिडक्यांना मखमली पडदे. सात माणसं ऐसपैस बसतील. (बसणारे चाचा एकटेच. शहनाजचाची अल्लाला प्यारी झाल्या आणि लेक कहकशा पुण्यात नांदते.) रोज संध्याकाळी कापडाचं दुकान बंद करून चाचा गाडी बाहेर काढायचे आणि चौकात ती हमखास बंद पडायची.

"पडली का म्हातारी?" असं ओरडत सटवाजी पानटपरी सोडून धावायचा. भीमराज मास्तर पिशवी काखेत मारून मागून जोर लावायचे. आणखी चार-पाच जण जमायचे आणि "हां, लावा जोर!" करत गाडी चाचांच्या दारात. आता ढकलणाऱ्याला बिनचहाचा धाडायचा म्हणजे पापच. मग ओसरीवर कपबशा वाजायच्या, सोयाबीनच्या भावापासून एकमेकांच्या जावयांपर्यंत सगळं निघायचं. चाचा त्या गोंगाटात इतके सुखी असायचे की चहात साखर घालायची विसरायचे.

अशा सोन्यासारख्या दिवसात चाचांना दुर्बुद्धी सुचली. मोबाइलवरच्या 'शाही मोटार परिवार' नावाच्या ग्रुपात त्यांनी गाडीचा फोटो टाकला. बस, एवढंच केलं.

हा परिवार म्हणजे जुन्या गाड्यांनी झपाटलेली माणसं. घरात येणाऱ्या सुनेची करत नाहीत एवढी चौकशी ही मंडळी एका बोल्टची करतात. म्होरक्या नांदेडचा प्रमोद. तो दर रविवारी यायला लागला. कार्बोरेटर कोइमतूरहून आला, रबरं चेन्नईहून आली, रंग तर तीनदा खरडून पुन्हा मारला. शेवटी सिद्धेश्वरच्या धरणावर परिवाराचा मेळावा भरला. चाचांची गाडी न कुरकुरता गेली, न कुरकुरता आली, वर 'सर्वांत भरवशाची गाडी' म्हणून कप घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चौक आला आणि गेला. सटवाजीनं टपरीतूनच हात वर केला, मास्तरांनी झोकात सलाम ठोकला. चाचा घरी पोचले तेव्हा ओसरीवर फक्त मांजर होतं. त्यांनी सवयीनं आठ कप चहा टाकला आणि मग फार वाईट वाटलं त्यांना. घर इतकं मोठं आहे हे आजवर ध्यानातच आलं नव्हतं.

"सटवाजी, आज चहाला ये रे," त्यांनी टपरीवर जाऊन म्हणून पाहिलं.

"काहून चाचा? काही काम हाय का?"

"न्हाई बा. असंच."

"असंच कोण फुकटचा चहा पेतं? काही सोयरीक-बियरीक असंल तर सांगा, येतो."

मास्तरांनाही विचारलं. ते म्हणाले, "येऊ की कवातरी." हे 'कवातरी' काही उगवेना.

मग एके दिवशी चौकाच्या अलीकडं चाचा उतरले, इकडंतिकडं बघत बॉनेट उघडलं आणि कॉइलची वायर उपसून झब्ब्याच्या खिशात घातली. (ज्या हातानं कप घेतला त्याच हातानं!) उतारावरून गाडी घरंगळत आली आणि बरोबर टपरीसमोर थांबली.

"अरे, पडली रे पडली!" सटवाजी एवढ्या आनंदानं ओरडला की चाचांचे डोळेच भरून आले. त्या संध्याकाळी चहा दोनदा झाला. दुसऱ्या दिवशीही पडली. तिसऱ्या दिवशीही.

पण कळमनुरीची माणसं पडली मायाळू. चाचांची तकलीफ सटवाजीला बघवेना. त्यानं गुपचूप नांदेडला फोन लावला.

चौथ्या दिवशी संध्याकाळी चाचा वायर खिशात टाकून चौकात पोचले, तर प्रमोद तीन सोबत्यांसह हत्यारांच्या पेट्या घेऊन उभा! चाचांना घाम फुटला.

"राहू दे बेटा, म्हातारं माणूस आहे, पडतं कधीकधी," ते म्हणाले.

"कप मिळालेली गाडी बंद पडते म्हणजे काय चाचा? परिवाराच्या इज्जतीचा सवाल आहे!"

बॉनेट उघडलं, टॉर्च आत गेली. "अहो, कॉइलची वायरच नाहीये! रस्त्यात पडली वाटतं." प्रमोदनं पेटीतून नवी काढली, घट्ट बसवली, वर लोखंडी पट्टीही आवळली. "घ्या. आता जन्मात निघणार नाही."

"चला, सुटली बिचाऱ्याची तकलीफ," मास्तर हात झटकत म्हणाले. जमलेल्यांनी टाळ्या वाजवल्या.

चाचांनी शेवटचा प्रयत्न केला. "आता आलातच सगळे, तर चहाला चला की. दोन लिटर दूध आणलंय."

"उशीर होतोय चाचा," म्हणत प्रमोद पेट्या आवरायला लागला.

"आन् आमी तर आज बोटसुदीक लावलं न्हाई," सटवाजी टपरीकडं वळत म्हणाला. "पुन्हा पडली की आवाज द्या, चहाला येतोच आमी!"

चाचा एकटेच आत बसले, खिशातली जुनी वायर चाचपली आणि मनातल्या मनात अल्लाची करुणा भाकून सेल्फ मारला.

कमबख्त पहिल्या झटक्याला सुरू झाली.