चौगुलेकाकांची मोजणी

चौगुलेकाका आत असले की कुवेतच्या एगैला भागातल्या आमच्या बिल्डिंगची लिफ्ट माणसं मोजून झाल्याशिवाय हलत नाही. काका प्रत्येकावर बोट रोखून मोजणार, "सगळे आले, चला" म्हणणार आणि मगच बटण दाबणार. गेली काही वर्षं तर मोजणीत हमखास एक जास्त येतं. तिघं असलो तर चार. काकांचं वय झालं, असं म्हणून आम्ही गालातल्या गालात हसायचो.

हे खूळ मेक्सिकोहून आलेलं. काका मूळचे कोल्हापूरचे, इथल्या एका हॉस्पिटलात एमआरआय टेक्निशियन आहेत. बऱ्याच वर्षांपूर्वी ते आणि सुनंदाकाकू तिकडे एक दिवसाच्या सहलीला गेले होते. जंगलातले मायन लोकांचे जुने पिरॅमिड, बस आणि सोबत गाइड. तो गाइड दर थांब्यावर माणसं मोजायचा. सहल त्याच संध्याकाळी संपली, पण काकांच्या अंगात शिरलेला गाइड काही उतरला नाही.

शर्कच्या मासळीबाजारात आम्ही सात-आठजण गेलो, तरी काका मिटलेली छत्री उंच धरून पुढे. वीस मिनिटं आहेत, कुणी मागं राहायचं नाही, अशी सूचना दारातच व्हायची. मग कोळंबी निवडता निवडता पिरॅमिडच्या पायऱ्या आणि जंगलातली आरडाओरडा करणारी माकडं. माझी मुलगी म्हणायची, "अंकल, नॉट द मंकीज अगेन." माकडं तरीही यायचीच.

यंदा आई माझ्याकडे आली आणि तिची कंबर धरली. मग एक पाय बधिर व्हायला लागला. एमआरआयशिवाय ऑपरेशनचं काही सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले, आणि आई काही त्या बोगद्यात जाईना. दोनदा आत सरकवल्याबरोबर ओरडून बाहेर आली. दिवसेंदिवस ती पाय जास्तच ओढायला लागली होती आणि माझा जीव टांगणीला लागला होता. शेवटी काकांना सांगितलं. "घेऊन या की ताईंना," ते म्हणाले.

मला त्यांनी काचेपाशी उभं केलं. आईच्या कानांवर हेडफोन चढवले, घाबरलं तर दाबायचा रबरी फुगा तिच्या हातात दिला आणि माइकसमोर बसून सहल सुरू केली. बस निघाली, जंगल लागलं. "आता पिरॅमिडच्या आत शिरायचं, ताई. वाट अरुंद आहे, हलायचं नाही." मशीन धडाधडा वाजायला लागलं. "माकडं आहेत ओ ती. नुसती ओरडतात, खाली येत नाहीत."

मग त्यांचा आवाज उतरला. "हातात फुगा आहे न्हवं, तो सुनंदाचा हात समजा. ती पण इथं घाबरली होती. दाबायचा नाही, नुसता धरून ठेवायचा."

अर्धा तास आई हलली नाही. ती माकडं मी पन्नासदा ऐकली होती, पण डोळ्यांत पाणी आलं ते त्या दिवशी.

ऑपरेशन लागणार नाही, व्यायामावर भागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा आईने बेसनाचे लाडू वळायला घेतले. म्हणाली, "हे सुनंदाला. तिचा हात होता म्हणून निभावलं. बोलाव ना तिला एकदा."

सुनंदाकाकूंना जाऊन तीन वर्षं झाली, हे मी आईला सांगितलं. आणि सांगता सांगता माझ्या लक्षात आलं, मोजणीतलं ते जास्तीचं माणूस कोण ते. तीन वर्षं आम्ही त्याला हसत होतो. माझी मलाच लाज वाटली. या माणसाचे उपकार मी कसे फेडणार होते?

दुसऱ्या दिवशी लाडवांचा डबा घेऊन आम्ही निघालो, तर काका लिफ्टमध्येच भेटले. नेहमीप्रमाणे बोट फिरलं. "चार. सगळे आले."

आत आम्ही तिघंच होतो. आई आरशाकडे सरकली, आपल्या शेजारी एका माणसापुरती जागा केली आणि काकांना म्हणाली, "हं, आता चला."