बॅग भरायची अट

सुश्रुतने डोंबिवलीला आईच्या हॉलमध्ये कॅमेरा बसवला, तो तिच्याशी रीतसर तह करूनच. हरिहरराव गेल्यापासून नीलाबाई एकट्या राहत होत्या आणि इकडे घोडबंदर रोडवर, बाविसाव्या मजल्यावर, त्यांच्या मुलाच्या जिवाला घोर लागला होता.

"कॅमेऱ्यात एक जरी गडबड दिसली," त्याने बजावलं, "तर बॅग भरायची आणि माझ्याकडे राहायला यायचं."

"कबूल," नीलाबाई म्हणाल्या. "बघायचं तर बघ, पण आवाज बंद ठेव. खालच्या पोपटरावांच्या बायकोशी मी काय बोलते, ते तुझ्या कामाचं नाही. आणि गडबड तुझ्याकडे झाली तर?"

"माझ्याकडे?" सुश्रुत मनापासून हसला. आईचा मान राखायचा म्हणून त्याने तिच्या फोनवरही ते अ‍ॅप घातलं आणि त्यात आपल्या घरचा कॅमेराही जोडून दिला.

पण झालं भलतंच. आईची चूक पकडायला लावलेल्या कॅमेऱ्यातून सुश्रुतला आई नव्यानेच दिसू लागली. सत्तरी ओलांडलेली ही बाई सकाळी सूर्यनमस्कार घालते, शब्दकोडं शाईच्या पेनाने सोडवते आणि मिक्सर बंद पडला तर हरिहररावांचे पान्हे काढून स्वतः उघडून बसते. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत तो हे मित्रांना कौतुकाने दाखवायचा. मात्र घोर काही जाईना. चूक सापडत नाही, म्हणजे ती लपवत असणार, असं त्याचं तर्कशास्त्र होतं.

खंडेनवमीच्या दिवशी तो घरूनच काम करत होता. बायको क्षिप्रा कोपरीला माहेरी गेली होती. जाताना म्हणाली, "गॅसवर दूध ठेवलंय. लक्ष ठेव रे, प्लीज."

"ठेवतो ना," म्हणत त्याने लॅपटॉपच्या कोपऱ्यात डोंबिवलीचा हॉल उघडला आणि तो उडालाच. हॉल गायब होता. पडदाभर लाल, कडेने पिवळं आणि मागे काहीतरी लवलवत होतं.

आग!

त्याने आईला फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला, तरी तेच. मग किल्ली उचलून तो तसाच बर्म्युड्यावर धावत सुटला आणि गाडीतून पोपटरावांना फोन केला. "काका, आधी वर जा! आईकडे आग लागलीय!"

पोपटराव सोसायटीचे सेक्रेटरी. एरवी पाण्याची मोटर बंद करायलाही दोनदा सांगावं लागायचं, पण आज धापा टाकत वर पोचले. "सुश्रुत, दार आतून बंद आहे रे! फटीतून धूर येतोय! आणि आत घंटी वाजतेय, लय जोरात!"

"अलार्म असेल, काका! बंब बोलवा!"

आईकडे अलार्म कधीच नव्हता, हे त्याला घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर आठवलं. पुढे ट्रक, मागे ट्रक आणि हातातल्या फोनवर लालभडक आई. देवा, तिला काही होऊ देऊ नकोस, वाटल्यास ती कायम डोंबिवलीतच राहू दे, असा नवससुद्धा त्याने बोलून टाकला. बातमी कळेल म्हणून पोपटरावांचा फोन मात्र त्याने सोडला नाही. पण पलीकडे नुसता गलका होता आणि मग तोही थांबला.

तो पोचला तेव्हा सोसायटीच्या फाटकात बंब उभा होता. बंबाला झेंडूचा हार होता आणि चाकाजवळ नुकताच फोडलेला नारळ. जिने चढून तो दारात आला, तर हॉलमध्ये बंबावरचे जवान मांडी घालून साखरभात खात होते आणि पोपटराव त्यांना वाढत होते.

"आई! तू बरी आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय? आरती करत होते. ऊद जरा जास्त झाला, एवढंच."

पाटावर हरिहररावांचे पान्हे, कात्री, विळी आणि मिक्सर मांडले होते. प्रत्येकाला हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. सुश्रुतने मान वर केली. कॅमेऱ्याच्या बरोबर भिंगावर, भरपूर पाण्यात कालवलेलं हळदकुंकू ठसठशीत लावलं होतं.

"अगं, याला कशाला?"

"वर्षभर माझी राखण करतो बिचारा. मग त्याला नको?"

"आणि फोन का नाही उचललास?"

"तोही पाटावर होता. पूजेला बसवलेल्या हत्याराला हात लावत नाहीत. तुझे बाबा आजच्या दिवशी पान्ह्याला शिवायचे का?"

जवानांचा म्होरक्या हात धुऊन आला. "साहेब, रागवू नका मावशींवर. आमच्या गाडीची पण पूजा राहिलेली, मावशींनीच केली." नीलाबाईंना वाकून नमस्कार करून ते गेले. आईने बंबवाल्यांनाही खिशात घातलं, हे पाहून सुश्रुतला हसावं की रडावं कळेना. पण तह तो तह.

"काही म्हण आई, गडबड ती गडबड. बॅग भर."

"भरायलाच हवी," नीलाबाई शांतपणे म्हणाल्या आणि फोन त्याच्यापुढे धरला. "बंबवाले आल्यावर तुला कळवायला मी फोनची माफी मागून तो उचलला. तुझा एंगेज लागत होता. म्हटलं, घरी तरी आहेस का बघावं."

पडद्यावर सुश्रुतचं स्वयंपाकघर होतं. ओट्यावर कोळसा झालेलं पातेलं आणि छताखाली धुराचा ढग. खिडक्या उघडत एक बाई पदराने धूर वारत होती.

"दूध!" सुश्रुत ओरडला. "पण ही आत कशी शिरली? कोण आहे ही?"

"योगिनी. तुझ्या समोरच्या दारात राहते. गेल्या दिवाळीत आले होते तेव्हा ओळख झाली, किल्ली ठेवलीय मी तिच्याकडे. फोन केला, तशी धावत जाऊन गॅस बंद केलान तिने."

समोर कोण राहतं, हे सुश्रुतला आज कळलं. आई दोन घरं सांभाळत होती आणि तीही सोवळं मोडून.

"आई," तो हात जोडून म्हणाला, "तू राहा इथेच. मी पुन्हा विषय काढणार नाही."

"मी राहतेच आहे रे." नीलाबाईंनी त्याच्यापुढे साखरभाताची ताटली ठेवली. "तुझी बॅग कधी आणतोस, ते सांग."