महाराणीचा उजवा पाय

इस्त्रीची फळी मागच्या दाराला टेकवून ठेवू नका, असं मास्तरांना घरातल्या दोघींनीही सांगून झालं होतं. बायकोने रागावून सांगितलं होतं, नातीने समजावून. पण मास्तर पडले टेलर. गिऱ्हाइकाचं सगळं मान डोलावून ऐकायचं आणि शेवटी आपल्याला पटेल तसंच शिवायचं, ही त्यांची हाडीमाशी खिळलेली सवय. त्यामुळे फळी होती तिथेच राहिली. आज दुपारी ती पडली, आणि नेमकी महाराणीच्या पायावर पडली.

महाराणी म्हणजे नातीची तांबडी कोंबडी. परसात आणखीही कोंबड्या होत्या, पण त्यांना नुसती पिसं होती. हिला रुबाब होता. नात शाळेच्या सहलीला निघाली तेव्हा महाराणीला सांभाळायचं कोणी, असा प्रश्न आला. शेजारचे ड्रायव्हरकाका भिंतीवरून म्हणाले होते, "माझ्याकडे दे, पोरी. जन्मभर माणसं सुखरूप पोचवली मी. कोंबडी म्हणजे किस झाड की पत्ती!"

नातीने क्षणभर विचार केला होता. मग मास्तरांचा हात धरून ती म्हणाली होती, "नको काका. आजोबा आहेत ना."

तेव्हापासून मास्तर हे वाक्य बिल्ल्यासारखं छातीवर लावून फिरत होते. आणि आता संध्याकाळी सहलीची बस परत यायची होती.

"अगं बाई! काय झालं हिला?" आवाज ऐकून बायको धावत आली.

मास्तरांनी फळी पायानेच हळूच कपाटामागे सरकवली. "कुत्रा," ते म्हणाले. "शेजारचा."

"पैलवान? त्या बिचाऱ्याच्या तोंडात एक दात शिल्लक नाही!"

"दात नसतील. पंजे आहेत ना?"

खोटं बोलायची मास्तरांना सवय नव्हती. त्यामुळे हे खोटं त्यांच्या अंगावर माप न घेता शिवलेल्या सदऱ्यासारखं दिसत होतं. पण बायकोचं लक्ष कोंबडीकडे होतं, म्हणून निभावलं.

मास्तरांनी महाराणीला मांडीवर उताणी घेतली. तिचं डोकं आपल्या पोटाशी, पाय समोर. दोन्ही पाय चाचपून पाहिले. एकाला हात लावताच ती किंचाळली. तो उजव्या हाताला होता. आता कापडाचं असं असतं की शिंपी ते उलटं अंथरतो आणि उलट्या बाजूवर खुणा करतो. उलट्या बाजूला जे उजवं, ते सुलट केल्यावर डावं. मास्तरांनी जन्मभर हाच हिशोब केला होता. कोंबडी उताणी, म्हणजे कापड उलटं.

"डावा पाय गेला," ते ठामपणे म्हणाले. "मोडलाय. हिला पंच्यात गुंडाळून धर आणि फक्त डावा पाय बाहेर काढ. बाकी काही दिसायला नको, नाहीतर घाबरेल."

बायकोने तसं केलं. महाराणी कुरकुरली, पण पाय मुकाट्याने दिला.

"अहो, या पायाला हात लावला तर ओरडत नाही ही."

"माझ्या हाताला गुण आहे," मास्तर म्हणाले.

पट्टी झकास झाली. आत कॉलरचं कडक बकरम, वर मऊ फ्लॅनेल, कडेने बारीक टाके. सोडायला सोपी जावी म्हणून मास्तरांनी तिला काज करून बटणही लावलं. बटण पांढरं की तांबडं यावर नवराबायकोची थोडी बाचाबाची झाली. शेवटी पिसांना शोभेल म्हणून तांबडं ठरलं.

जखमी कोंबडीला बाकीच्यांत ठेवायचं नाही, त्या टोचून टोचून जीव नकोसा करतात, हे नातीने बजावलं होतं. म्हणून महाराणीला कपड्यांच्या कातरणांनी भरलेल्या खोक्यात बसवून कापड बेतायच्या टेबलाखाली ठेवलं. जवळ पाण्याची वाटी दिली. ती उठायला गेली, कलंडली आणि तशीच पडून राहिली. एक पाय टेकवेना, दुसरा वाकेना.

"मघाशी लंगडत तरी होती," बायको म्हणाली.

"उपचार सुरू झाला की दुखणं आधी वाढतं," मास्तर म्हणाले.

तेवढ्यात दारात ड्रायव्हरकाका उभे राहिले. काखेत पैलवान. भिंतीला कान नसले तरी ड्रायव्हरकाकांना होते.

"मास्तर, माझ्या कुत्र्यावर आळ घेता? याला मांजर दिसलं तर हा माझ्या पलंगाखाली शिरतो!"

"अहो, मी आपलं सहज..."

"सहज नाही! आत्ताच्या आत्ता समोरासमोर होऊन जाऊ दे."

त्यांनी पैलवानाला खोक्यासमोर ठेवलं. पैलवानाने थरथरत नाक पुढे केलं. महाराणीचे पाय गेले होते, चोच शाबूत होती. तिने त्या नाकाचा असा काही समाचार घेतला की पैलवान केकाटत मागे फिरला, साखळीसकट मास्तरांच्या पायांत शिरला आणि मास्तर धाडकन खाली आले. पडता पडता त्यांनी कपाटाचा आधार घेतला. कपाट हललं आणि मागची फळी निवांतपणे सरकत येऊन त्यांच्या शेजारी आडवी झाली.

फळीच्या कडेला एक तांबडं पीस चिकटलेलं होतं.

कोणी काही बोलण्याआधी बाहेर बसचा हॉर्न वाजला आणि पाठीवर पिशवी घेतलेली नात दारात आली. तिने आजोबांना जमिनीवर पाहिलं, ड्रायव्हरकाकांच्या कुशीत तोंड खुपसलेल्या पैलवानाला पाहिलं, आणि सरळ टेबलाखाली शिरली.

"हिला काय झालं?"

सगळ्यांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी तोंड उघडलं. पैलवानाने हळूच मान वर करून एकदा त्यांच्याकडे बघितलं. छातीवरचा बिल्ला स्वतःच्या हाताने काढावा तसे मास्तर म्हणाले, "फळी पडली, बाळा. तू सांगितलं होतंस. मीच ऐकलं नाही. कुत्र्याचं नाव उगाच घेतलं."

नातीने पट्टीचं बटण सोडलं, पाय वाकवून पाहिला, मग दुसरा पिसांतून बाहेर काढला. महाराणी किंचाळली.

"आजोबा, तुम्ही बांधलात तो पाय चांगला आहे. दुखतोय तो हा. उजवा."

"पण उताणी केल्यावर..." मास्तरांनी हवेत एक कापड अंथरलं, उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं.

"मोडलेला दिसत नाही, नुसता सुजलाय," ड्रायव्हरकाका वाकून म्हणाले. "तरी उद्या जनावरांच्या डॉक्टरांना दाखवू."

नातीने गार पाण्यात फडकं भिजवून सुजेवर धरलं, खोकं अंधाऱ्या कोपऱ्यात नेलं आणि वाटी चोचीजवळ सरकवली. महाराणी चांगल्या पायावर जरा उठली, वळली आणि ऐटीत बसली.

"पुढच्या खेपेला माझ्याकडेच ठेव हो," ड्रायव्हरकाका म्हणाले.

"नको काका. पैलवान घाबरतो तिला." नातीने फळी उचलून ओढत नेली आणि पलंगाखाली ढकलली. "आजोबाच सांभाळतील. पण फळी आता इथेच."

मास्तर उठायला गेले आणि कळवळून पुन्हा खाली बसले. घोटा मुरगळला होता. बायकोने हळद शोधायला डबे काढले. नात टेबलावरचा मार्किंगचा खडू घेऊन आजोबांसमोर उकिडवी बसली.

"कुठला पाय?"

"उजवा."

नातीने खडू तसाच वर धरला. "तुमचा उजवा, की कापडाचा?"

मास्तरांनी उत्तर देण्याआधी आपले दोन्ही पाय पुढे घेऊन नीट पाहिले.