गळ्याचं माप

पंचवटीतल्या खैरनारकाकांकडे लॉकेट करायला टाकलं, की तयार झाल्यावर ते आधी तोंडात घालावं लागतं. गळ्यात नंतर.

"जीभ फिरवा," काका सांगतात. "कुठे कड लागते का बघा. बोट खोटं बोलतं, जीभ नाही बोलत."

जिभेबद्दल असं मत असलेला दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. लॉकेट उकळत्या पाण्यातून काढलेलं असतं, तरी माझ्या स्वतःच्या लॉकेटच्या वेळी मी भिंतीकडे तोंड करून जीभ फिरवली. कड लागली. काका इतके खूश झाले, जणू मी परीक्षेत पहिली आले.

काकांनी तीस वर्षं दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवल्या. निवृत्त झाल्यावर ते चांदीकडे वळले. चांदीत खाच कोरायची आणि तिच्यात रंगीत दगडाचे तुकडे चपखल बसवायचे. त्यांच्या मते काम तेच. दगड म्हणजे दाढ, चांदी म्हणजे हिरडी. "ही दाढ हलतेय," भिंगातून बघत ते म्हणतात आणि समोरची बाई दचकून गालाला हात लावते.

मोबाइलवरची डिझाइन्स ते बघतच नाहीत. "फोटोला गळा असतो का? माणूस आणा."

माझी अडचण नेमकी तीच होती. या वेळी लॉकेट आईसाठी हवं होतं. थायरॉइडच्या ऑपरेशननंतर तिच्या गळ्यावर आडवा व्रण राहिला होता. दोन वर्षं ती ओढणी गुंडाळल्याशिवाय घराबाहेर पडत नव्हती, मे महिन्यातसुद्धा. भिशीला जाणंही तिने सोडलं होतं. लॉकेट निमित्त होतं. मला तिचा गळा पुन्हा मोकळा बघायचा होता. हे मी काकांना सांगितलं, म्हणजे काउंटरच्या काचेकडे बघत पुटपुटले.

"आणा त्यांना," काका म्हणाले.

कसंबसं आणलं. आईने ओढणी दोन बोटं खाली घेतली. काकांनी कवळीचं गुलाबी मेण कोमट केलं आणि तिच्या गळ्याच्या खळगीत हलकेच दाबलं.

"आ करा," ते सवयीने म्हणाले.

आईने केला. मग दोघंही हसायला लागले.

"टाके सुरेख घातलेत हो, ताई. डॉक्टरचा हात चांगला आहे. लॉकेट याच्या खाली बसेल."

"अहो भाऊ, ते झाकायलाच तर लॉकेट हवंय."

"झाकायला ओढणी आहे की. ती स्वस्त पडेल."

आईने ओढणी पुन्हा गळ्याभोवती गुंडाळली. मला वाटलं, संपलं सगळं. पण रस्त्यात ती एवढंच म्हणाली, "आगाऊच आहे तुझा सोनार."

लॉकेट अप्रतिम झालं. काळ्या दगडात तिरकी हिरवी रेघ, पानाच्या शिरेसारखी. आईने न लाजता जीभ फिरवली. कड नव्हती.

"उंच लागतंय," काका तरी म्हणाले, नव्या कवळीबद्दल म्हणतात तसं. "गुरुवारी या."

गुरुवारी त्यांनी पुन्हा गुरुवारच दिला. दर वेळी तेच. आईला दाराजवळच्या खुर्चीत बसवायचं, ओढणी काढायला लावायची ("उजेड अडतो, ताई"), लॉकेट गळ्याला लावून बघायचं, मग ते हातात घेऊन कानशीने घासत बसायचं. तोवर आई उघड्या गळ्याने गल्लीकडे तोंड करून बसलेली. पहिल्या दिवशी तिचा हात सारखा गळ्याकडे जात होता.

चौथ्या गुरुवारी मी वैतागले. "काका, एवढ्याशा लॉकेटला किती घासणार?"

"नवी कवळी अंगवळणी पडायला महिना लागतो, बाळा."

तेवढ्यात पैंजण घेऊन एक बाई आली. तिने आईकडे टक लावून पाहिलं आणि सरळ विचारलं, "हे कशाचं हो, ताई?"

मी मध्ये बोलायला तोंड उघडलं.

"थायरॉइडचं," आई म्हणाली. "गाठ होती. का, तुमच्याकडे कुणाला आहे?"

बाईच्या नणंदेला होती. आई खुर्ची पुढे ओढून व्रणावर बोट ठेवून समजावू लागली, कुठून कापतात, किती दिवस दुखतं, घाबरायचं कसं नाही. ओढणी केव्हाच खाली पडली होती. ती उचलून द्यायला मी वाकले, तर काकांनी मान हलवून मला थांबवलं.

तेव्हा माझं त्यांच्या हातांकडे लक्ष गेलं. कानस लॉकेटपासून बोटभर वर, नुसती हवेत फिरत होती.