सिग्नल भेटला नाई

आमच्या बडनेऱ्यात म्हातारी माणसं नातवंडं कडेवर घेतात. वानखडेकाका कॉम्प्युटर घेतात. स्पीकर बघायला निघाले, की अख्खा सीपीयू चादरीत गुंडाळून छातीशी धरतात.

मी शेजारचा, म्हणायचो, "काका, पेनड्राइव्ह न्या ना!"

"हट् लेका! आपला डबा दुसऱ्याच्या इंजिनाले काहून जोडू?"

काकांनी जन्मभर मालगाडी हाकली. इंजिनात एक जण सिग्नल पुकारतो, दुसरा हात वर करून तेच पुन्हा म्हणतो. ती सवय घरीही आली. काकू आतून ओरडायच्या, "वरण झालं!" काका बाहेर हात वर करायचे, "वरण झालं!" काकू गेल्या, पुकारणं थांबलं.

राहिली ती काकूंच्या भजनी मंडळाची एक कॅसेट. पुतण्यानं ती कॉम्प्युटरमध्ये भरून दिली आणि त्याच आठवड्यात टेपरेकॉर्डरनं कॅसेट खाल्ली. त्या भजनात बारा बायका टाळ वाजवतात. अकरा वेळेवर, एक अर्धी मात्रा मागून.

"थे आमची," काका सांगायचे. "रेल्वेवाल्याची बायको अन् जन्मभर लेट!"

तो मागून येणारा टाळ कॉम्प्युटरवर ऐकूच येईना. म्हणून नवे स्पीकर.

अमरावतीतली दुकानं काकांनी पालथी घातली. एका स्पीकरचा दणका तर असा, की शेजारच्या फरसाणवाल्याच्या शेवेचं बरणीतल्या बरणीत पीठ झालं. दुकानदार छाती फुगवून म्हणाला, "बास पाहा काका, बास!"

"ढोलकी आली, पेटी आली. टाळ कुठी हाय? सिग्नल भेटला नाई." काकांनी चादरीला गाठ मारली. पुढे पुढे चादर दिसली की दुकानदार शटर ओढायचे. मी सोबत असायचो, पण लाजेनं रस्त्याच्या पलीकडे, ओळख नसल्यासारखा.

शेवटी अकोला गाठायचं ठरलं. गाडीत खिडकीची जागा सीपीयूला मिळाली. "हवा लागू दे त्याले, गरम होते." मूर्तिजापूर येईस्तोवर काकांनी ती गाठ शंभरदा चाचपली.

"भरतानाच टाळ सुटला असंन तर?"

"नाई सुटत, काका."

"तुले काय मालूम? कॅसेट तर गेली."

अकोल्याचा दुकानदार जाणकार निघाला. त्यानं लाकडी पेटीचे दोन स्पीकर हातभर अंतरावर मांडले, खाली पुठ्ठे सरकवले. "वरचा लहान भोंगा कानाच्या उंचीवर पायजे, काका. बारीक आवाज तिथूनच येते." मला पळायला जागा नव्हती; काकांशेजारी स्टुलावर बसलो. भजन सुरू झालं.

छन्न. आणि मागून, धापा टाकत आल्यासारखा, छन्.

मी काकांकडे पाहिलं. ते मान खाली घालून, श्वास रोखून वाट बघत होते.

"नाई," काका म्हणाले.

दुकानदार गोंधळला. फरक दाखवायला त्यानं काउंटरवरचा डबडा स्पीकर जोडला. आवाज पत्र्याचा, पण तिथंही मागून छन्.

मी म्हणजे कटोरीभर पाण्याचा पूर करणारा माणूस. पण एवढंसं खरं सांगायला माझी जीभ उचलेना.

"तुले आला?" काकांनी विचारलं.

"आला."

"कोणत्यात?"

"दोन्हीत, काका."

काका बराच वेळ चादरीचं टोक पिळत राहिले. "म्हंजे टाळ हाय," ते म्हणाले. "इंजिनानं कान खाल्ले माहे. मले वाटूनच राहिलं होतं." मग दुकानदाराकडे वळले. "हे लाकडी बांध, भाऊ."

"पण काका, तुमाले तर..."

काकांनी माझ्याकडे बोट केलं. "याले साफ ऐकू आलं पायजे ना! पुकारनार कोन?"

आता रोज चहाच्या वेळी मी काकांच्या टेबलासमोर बसतो. कधी उशीर झाला तर ते फाटकात उभे असतात, चेहरा सिग्नलवर अडकलेल्या मालगाडीसारखा. भजन लागतं. मागचा टाळ वाजला की मी हात वर करून ओरडतो, "आला!"

काका डोळे मिटून हात वर करतात, "आला!"

अर्धी मात्रा मागून.