उकंडाभाऊ आणि माझा काळा कोट

देऊळगाव राजात कोणाचीही बायको रुसून माहेरी गेली, की तिच्या नवऱ्याच्या आधी आमचे शेजारी उकंडाभाऊ चपला घालून तयार. मळ्यातली मोट तशीच सोडायची, मिरच्यांचं पाणी कुठं वाहून चाललंय ते बघायचं नाही, पिशवीत वांगी भरायची आणि त्या नवऱ्याला म्हणायचं, "चाल बे, आणू तिले. मी हाये ना!"

आमच्याकडे रुसलेल्या बायकोला आणायला नवरा एकटा जात नाही. सोबत एक वजनदार माणूस लागतो. हे वजन उकंडाभाऊंनी स्वतःच स्वतःला बहाल केलं होतं. बरं, जा ना बाबा, कोण अडवतंय? पण माझा काळा कोट कशाला? लग्नात शिवलेला माझा एकुलता एक कोट! "गुरुजी, जरा कोट द्या. पोरगं उघडं-बोडकं दिसते." झालं, कोट निघाला. परत यायचा तेव्हा त्याला कोणाच्या तरी सासरच्या बेसनाचा वास. माझ्या कोटानं तालुक्यातल्या साऱ्या सासुरवाड्या पाहिल्या. मी माझी एकच पाहिली.

एसटीत नवऱ्याची शिकवणी चाले. एकदा मी त्याच गाडीत होतो, म्हणून ऐकायला मिळाली. "गेल्यागेल्या पाणी पेयाचं. मंग सासऱ्याच्या बैलाची तारीफ कराची. ती दिसली का मान खाली, अन् म्हणाचं, चुकलं. काय चुकलं ते सांगाचं नाही. थे तिले मालूम असते."

आणि बायका खरंच परत यायच्या, हा वैताग निराळाच. आमच्या हिच्या लेखी उकंडाभाऊ म्हणजे देवमाणूस. यांची स्वतःची बायको, सुभद्राबाई, कित्येक वर्षं डोणगावला भावाच्या घरी जाऊन बसली होती, ते मात्र कोणी काढायचं नाही. काढलं, की हे वांग्यावरच्या किडीबद्दल बोलू लागत.

महाराष्ट्र होऊन फार दिवस झाले नव्हते, तेव्हाची गोष्ट. नागपूरच्या एका कॉलेजातल्या बाई आमच्याकडे उतरल्या. नवराबायकोला समोर बसवून, बोलतं करून भांडणं कशी मिटवता येतील, असा त्यांचा अभ्यास होता. मी हौसेनं जोडपी गोळा केली. आमचे हेडमास्तर, एक वकील, कचेरीतले कारकून, सगळे सपत्नीक. चहा झाला, पोहे झाले, सगळे गोड गोड बोलले. कोणाच्याच घरात भांडण नव्हतं म्हणे!

उकंडाभाऊ कुंपणापलीकडून ऐकत होतेच. "बाई, हे तं एकाच वाफ्यातली मेथी झाली! यावरून साऱ्या मळ्याचं काय सांगान तुम्ही? कचेरीवालेच भांडतात का? बाकीचे काय मुके हायेत?"

"खरं आहे," बाई म्हणाल्या. "आणा बाकीचे."

मी कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी माझा ओटा म्हणजे आठवडी बाजार. रहीमभाई शिंपी आणि त्यांची बीबी. तांड्यावरचं एक तरुण जोडपं. बौद्धवाड्यातले गवंडी आणि त्यांची मंडळी. दोन बायकांचे दादले एक पाटील, त्यांना कोणत्या बाजूला बसावं तेच ठरेना. एका म्हाताऱ्या-म्हातारीत तर भांडणच नव्हतं, ते इतरांचं ऐकून सुरू झालं. एवढ्यात रहीमभाईंच्या बीबीनं आमच्या हिला विचारलं, "तुमारे मास्तर घर में कुछ बोलते क्या?" आणि ही फुटली! परक्या बाईंसमोर, माझ्याच ओट्यावर, माझंच उणंदुणं! मी उकंडाभाऊंकडे बघून दात खाल्ले. ते खुशीत होते. "आता कसा मळा दिसून राह्यला!"

संध्याकाळी सगळे पांगले, तरी उकंडाभाऊ पायरीवर घुटमळत होते.

"बाई, ज्याच्या घरात एकच मानूस हाये, त्याले नाही का घेत?"

बाई सरळ स्वभावाच्या. "नाही हो. दोघंही समोर लागतात."

"हाव," म्हणाले, आणि चहालाही न थांबता निघून गेले. असं कधी होत नसे.

सकाळी पुन्हा दारात हजर. दाढी घोटलेली, धोतराला नीळ, हातात वांग्यांची पिशवी. मी चिडूनच कोट काढला. "घ्या! आज कोणाची गेली?"

"माहीच," ते म्हणाले. कोटाला हात लावला नाही. "बाई म्हणते दोघं लागतात. कोट आज तुम्ही घाला, गुरुजी. एकट्यानं जात नाहीत ना. मी इतक्यायच्या संग गेलो, पण माह्यासंग चाल म्हणून कोणाले म्हणाचं, ते समजलंच नाही कधी."

कुंपणापलीकडे हा माणूस इतकी वर्षं सोबतीसाठी अडला होता, आणि मी कोटाचं रडगाणं गात बसलो होतो! शाळेत निरोप धाडला आणि कोट चढवला.

एसटीत मेहकरपर्यंत त्यांनी पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही. डोणगावला मेव्हण्याच्या दारात पाणी आलं, ते गटागट प्यायले. गोठ्यातल्या बैलाकडे पाहिलं, पण तारीफ सुचेना. आतून बांगड्या वाजल्या, तशी त्यांनी माझ्या कोटाची बाही घट्ट धरली.

"गुरुजी, काय म्हणाचं असते हो?"

"चुकलं म्हणायचं," मी म्हणालो. "मी आहे ना."

सुभद्राबाई चौकटीत येऊन उभ्या राहिल्या. उकंडाभाऊंनी मान खाली घातली, "चुकलं" म्हणाले, आणि स्वतःचाच नियम मोडून काय काय चुकलं ते सांगायला लागले. थांबेचनात. आमची परतीची गाडी गेली, तरी सांगतच होते. सुभद्राबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांच्या हातातली पिशवी घेऊन तिच्यात डोकावल्या.

"वांगे किडले हो सारे," म्हणाल्या. "लक्ष कुठं असते तुमचं?"

आणि त्यातली बरी निवडून चिरायला बसल्या.